शिरोड्याचा सुविचार, केंब्रिजची चाळणी

सिंधुदुर्गातल्या कुठल्याही वाचनालयात जाऊन विचारावं की आपल्या जिल्ह्याशी नातं असलेला सर्वांत नीतिमान कादंबरीकार कोण. उत्तर ठरलेलं आहे: भाऊसाहेब खांडेकर. १९२० पासून १९३८ पर्यंत त्यांनी शिरोड्याच्या शाळेत मुलं शिकवली. ज्या गावात १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला, त्या गावात राहून त्याग, सेवा आणि समता यांच्या गोष्टी लिहिल्या. त्यांची वाक्यं शाळेच्या फळ्यावर 'सुविचार' म्हणून अजून शोभतात. मग विचारावं, आरवलीचे जयवंत दळवी? 'सारे प्रवासी घडीचे' आठवून माणसं हसतील, पण 'चक्र'चं नाव काढलं की आवाज खाली येईल. बागलांच्या राईतले चिं. त्र्यं. खानोलकर ऊर्फ आरती प्रभू? 'आरती प्रभू कवी म्हणून थोरच,' एवढं म्हणून विषय बदलतील.

मला हे उत्तर उलटं वाटतं. का, ते सांगण्यासाठी एका तिरसट इंग्रज प्राध्यापकाची मदत घ्यावी लागेल.

हे लिहिणारा वैभववाडीचा आहे. आमचा तालुका समुद्र न लागलेला, करूळ आणि भुईबावडा या दोन घाटांच्या पायथ्याचा. गगनबावड्यावरून वर गेलं की कोल्हापूर, जिथे राजाराम कॉलेजात ना. सी. फडके शिकवत होते. खाली तळेऱ्यावरून महामार्गाला लागून दक्षिणेकडे गेलं की खांडेकरांचं शिरोडं. 'कलेसाठी कला' आणि 'जीवनासाठी कला' हा मराठीतला गाजलेला वाद या दोन नावांभोवती रंगला. पुढे १९३८ मध्ये खांडेकरही कोल्हापूरला राहायला गेले, वाद मात्र दोन गावांचा असल्यासारखा पाठ्यपुस्तकांत तसाच राहिला. परीक्षेत आजही त्यावर टीप लिहायला सांगतात. मुलं दोन्ही बाजू लिहितात, शेवटी 'दोघांचा समन्वय हवा' म्हणतात आणि गुण मिळवतात.

या वादाचा मोठा तोटा असा झाला की नीतीचा प्रश्न खांडेकरांच्या नावावर चढला आणि रूपाचा, रचनेचा प्रश्न फडक्यांच्या नावावर. जणू कथेत काय सांगितलं हे नीतीचं खातं आणि कसं सांगितलं हे कलेचं. ही वाटणीच खोटी आहे असं ज्याने जन्मभर हट्टाने सांगितलं, तो म्हणजे फ्रँक रेमंड लीव्हिस.

लीव्हिस १८९५ साली केंब्रिजमध्येच जन्मला. वडिलांचं पियानोंचं दुकान होतं. पहिल्या महायुद्धात त्याने बंदूक घेतली नाही. क्वेकर पंथीयांच्या रुग्णवाहिका पथकात जखमींची ने-आण केली. खिशात मिल्टनच्या कवितांचं पुस्तक असे म्हणतात. गंमत अशी की इंग्रजी काव्याच्या सिंहासनावरून मिल्टनला खाली ओढणाऱ्यांत पुढे हाच लीव्हिस अग्रभागी होता. युद्धाने त्याची झोप आणि पचन दोन्ही कायमची बिघडवली. १९२९ मध्ये त्याने क्वीनी रॉथशी लग्न केलं. ती कर्मठ ज्यू घरातली. या लग्नामुळे माहेर तुटलं. ती स्वतः कडक अभ्यासक होती. लोकप्रिय कादंबऱ्या कोण लिहितं, कोण वाचतं आणि त्याने वाचकाच्या मनाचं काय होतं यावर तिने लेखकांना प्रश्नावली पाठवून १९३२ साली पुस्तक काढलं. त्याच वर्षी 'स्क्रूटिनी' हे त्रैमासिक सुरू झालं आणि या दांपत्याने ते १९५३ पर्यंत चालवलं. विद्यापीठाने मात्र लीव्हिसला लांबच ठेवलं. तो रीडर झाला तो निवृत्तीच्या तोंडावर. त्याचा कडवटपणा काही स्वभावाचा होता, काही या वागणुकीने आलेला.

१९४८ मध्ये 'द ग्रेट ट्रॅडिशन' आलं. पहिल्याच वाक्यात त्याने निकाल देऊन टाकला: थोर इंग्रजी कादंबरीकार चारच. जेन ऑस्टिन, जॉर्ज एलियट, हेन्री जेम्स आणि जोसेफ कॉनरॅड. नंतर डी. एच. लॉरेन्स हा पाचवा, त्याच्यावर १९५५ मध्ये वेगळं पुस्तक. या 'इंग्रजी' परंपरेकडे जरा नीट पाहिलं तर मौज वाटते. दोन बायका, एक अमेरिकन, एक पोलिश खलाशी आणि पुढे एका खाणकामगाराचा मुलगा. खानदानी इंग्रज साहेब एकही नाही. फील्डिंग, थॅकरे, ट्रोलप, हार्डी सगळे बाहेर. स्टर्नला तळटीपेत गारद केलं. डिकन्स? तो थोर करमणूककार, पण प्रौढ मनाला त्यात सतत आव्हान मिळत नाही, असं म्हणून त्याची फक्त 'हार्ड टाइम्स' ही एक कादंबरी पुस्तकाच्या शेवटी स्वतंत्र टिपणात घेतली.

या चाळणीची जाळी कसली होती? इथेच वाचक बहुतेक वेळा फसतो. लीव्हिसला नीती हवी म्हणजे सदाचारी नायक हवा, वाईटाला शिक्षा हवी, शेवटी बोध हवा, असं नाही. १९२६ साली ब्रिटनमध्ये बंदी असलेली जेम्स जॉइसची 'युलिसीस' त्याने वर्गात शिकवण्यासाठी मागवायचा प्रयत्न केला, तेव्हा थेट गृहखात्याने विद्यापीठाकडे विचारणा केली होती. आणि १९६० मध्ये लॉरेन्सच्या 'लेडी चॅटर्लीज लव्हर'वर अश्लीलतेचा खटला चालला, तेव्हा लॉरेन्सचा हाच सर्वांत मोठा भक्त बचावाचा साक्षीदार व्हायला तयार झाला नाही. बंदी त्याला मान्य होती असं नव्हे. ती कादंबरी त्याला चांगली वाटत नव्हती, आणि खोटी स्तुती करायची नव्हती.

आपल्याकडे हे दोन प्रश्न कायम एकात एक मिसळतात. भाऊ पाध्ये यांच्या 'वासूनाका'वर आचार्य अत्रे तुटून पडले, ते मुंबईच्या नाक्यावरची पोरं त्यात कशी बोलतात-वागतात यावरून. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकात आली, खटला थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९६९ मध्ये काकोडकर निर्दोष सुटले. न्यायालयाचा प्रश्न होता की हे वाचून वाचक बिघडेल का. लीव्हिसचा प्रश्न त्याहून अवघड आहे: लिहिणाऱ्याने हे जगणं खरोखर पाहिलं आहे का, की पाहिल्याचा आव आणला आहे? 'श्यामा' निर्दोष ठरली म्हणजे चांगली ठरली असं होत नाही.

उदाहरणाशिवाय हे कळायचं नाही. ऑस्टिनची 'एमा' घ्या. एमा श्रीमंत, हुशार, मनाने वाईट नाही. फक्त गावातल्या सगळ्यांची आयुष्यं आपल्याला जास्त कळतात अशी तिची खात्री. एका सहलीत ती मिस बेट्स या गरीब, बडबड्या, अविवाहित बाईची सगळ्यांदेखत थट्टा करते. गरिबाला हसू नये, असं ऑस्टिन कुठेही सांगायला जात नाही. तिने आधी काय केलं आहे? शेकडो पानं आपल्याला मिस बेट्सची बडबड ऐकवली आहे. आपणही कंटाळलेलो असतो. म्हणून एमाच्या तोंडून ते वाक्य सुटतं तेव्हा क्षणभर आपणही मनात हसतो, आणि पुढच्याच क्षणी मिस बेट्सचा उतरलेला चेहरा दिसतो. तिचा मित्र नाइटली एमाला खडसावतो ते नंतर. लाज आपल्याला आधीच वाटलेली असते. लीव्हिसचं म्हणणं, 'एमा'ची रचना इतकी बांधेसूद का आहे हे तिच्यातल्या नैतिक चिंतेशिवाय समजूच शकत नाही. आधी सुंदर रचना केली आणि मग तीत नीती भरली, असं झालेलं नाही.

याच्या उलट बाजूचं उदाहरण कॉनरॅडचं, आणि तो तर लीव्हिसच्या लाडक्या चारांतला. 'हार्ट ऑफ डार्कनेस'मध्ये एक फ्रेंच युद्धनौका आफ्रिकेच्या निर्मनुष्य दिसणाऱ्या किनाऱ्यावर झाडीत तोफा डागत बसलेली दिसते. एवढ्या एका चित्रात वसाहतवादाचा वेडेपणा पुरा येतो. लीव्हिस अशा जागांवर खूष आहे. पण त्याच पुस्तकात कॉनरॅड पुन्हा पुन्हा अगम्य, अकल्पनीय, अवर्णनीय अशा विशेषणांचा ढीग रचतो, तेव्हा लीव्हिस त्याला पकडतो. म्हणतो, जे दाखवता आलं नाही ते इथे मोठ्या आवाजात सांगितलं जातं आहे. लीव्हिसच्या लेखी हा नुसता शैलीचा दोष नाही. जे पाहिलं नाही ते पाहिल्याचं भासवणं ही अप्रामाणिकपणाची सुरुवात आहे.

मला विचाराल तर लीव्हिसची सगळी नैतिक समीक्षा या एका निरीक्षणात आहे. बाकीचा पुष्कळसा दरारा आहे.

मराठीत या मार्गाने कोण गेलं? कादंबरीचा सलग, अभ्यासू इतिहास कुसुमावती देशपांडे यांनी 'मराठी कादंबरी : पहिले शतक' या दोन भागांच्या ग्रंथात लिहिला. त्या लंडनला शिकून आलेल्या, नागपुरात इंग्रजी शिकवणाऱ्या. त्यांचं मन समंजस, निकाल देण्यापेक्षा समजून घेणारं. नरहर कुरुंदकरांनी 'धार आणि काठ' लिहिलं, ते वकिली बुद्धीचं. बा. सी. मर्ढेकरांनी सौंदर्याच्या लयीचा शोध घेतला, पण त्यांच्या तत्त्वात नीतीला स्वतंत्र खुर्ची नव्हती. इंग्रजी कादंबरीला लीव्हिसने जसं चिरून दोन ढीग केले तसं मराठीत कोणी केलं असेल तर ते भालचंद्र नेमाड्यांनी.

नेमाडे आयुष्यभर इंग्रजीचे प्राध्यापक. अहमदनगर, धुळे, औरंगाबाद, लंडन, आमच्या शेजारचं गोवा विद्यापीठ, शेवटी मुंबई. भारतातल्या इंग्रजी विभागांत त्या काळी लीव्हिसचा वारा जोरात होता, म्हैसूरचे सी. डी. नरसिंहय्या तर केंब्रिजला त्याच्याच हाताखाली शिकून आले आणि १९५२ मध्ये त्यांनी 'लिटररी क्रायटेरिअन' हे नियतकालिक काढलं. नेमाड्यांनी लीव्हिसकडून काय घेतलं याचा हिशेब मला मांडायचा नाही. इंग्रजांकडून घेतलं म्हटलेलं त्यांना आवडणारही नाही. पण दोघांच्या चाली शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत.

नेमाड्यांच्या 'टीकास्वयंवर'मध्ये मराठी कादंबरीवर जो दीर्घ निबंध आहे, त्यात ते पहिल्या तीन पुस्तकांवरून तीन प्रवृत्ती पाडतात. बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' १८५७ चं: यमुना नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते आणि वाटेत विधवांच्या कहाण्या तिला भेटत जातात. लक्ष्मणशास्त्री हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ ची, अद्भुत आणि मनोरंजक. रा. भि. गुंजीकरांची 'मोचनगड' १८७१ ची, ऐतिहासिक. नेमाड्यांचं म्हणणं, मराठी कादंबरीचा सकस प्रवाह पहिला, समाजाच्या वास्तवाला भिडणारा. हरिभाऊ आपटे त्यातले. पण पुढे बाजार, वाचनालयं आणि पुरस्कार मात्र 'मुक्तामाला' आणि 'मोचनगड' यांच्या वंशजांनी काबीज केले. फडके-खांडेकरांच्या काळावर नेमाड्यांची लेखणी चालते तेव्हा अंगावर काटा येतो. आणि 'हल्ली लेखकाचा लेखकराव होतो तो का?' या लेखात त्यांनी प्रतिष्ठित लेखकाची जी खिल्ली उडवली ती लीव्हिसच्या तिखटपणाच्या तोडीची, वर विनोदी. लीव्हिसला विनोद नव्हता.

एक आक्षेप लगेच घेता येईल. 'यमुनापर्यटन' हे काही निखळ वास्तव नाही. लेखक नुकताच ख्रिस्ती झालेला, आणि पुस्तकभर त्याचा उपदेश ऐकू येतो. मग सकस परंपरेचं मूळ प्रचारात? मला यात विसंगती वाटत नाही. लीव्हिसलाही बन्यनसारखा धर्मोपदेशक लेखक प्रिय होता. उपदेश असणं हा गुन्हा नाही. उपदेशाने पाहणं थांबवलं तर गुन्हा. पदमनजींनी निदान वाटेवरच्या बायका थांबून ऐकल्या. त्यांच्यानंतर तेहतीस वर्षांनी, १८९० मध्ये हरिभाऊंनी 'पण लक्षात कोण घेतो?' लिहायला घेतलं तेव्हा उपदेशकाला बाजूला सारून थेट नायिकेला, यमूलाच बोलायला बसवलं. माजघरातली, स्वयंपाकघरातली, बायकांच्या कुजबुजीतली भाषा. ती मुलगी मोठी होते, लग्न होतं, विधवा होते, केशवपनाच्या तडाख्यात सापडते. आणि सगळं सांगते ते अशा आवाजात की तो आवाज हरिभाऊंचा आहे हे आपण विसरतो. आज एकशे तीस वर्षांनंतरही ती पानं वाचताना समाजसुधारणेचं भाषण आठवत नाही, यमू आठवते.

आता खांडेकर. 'ययाति' १९५९ ची. साहित्य अकादमीचा पुरस्कार, १९७४ चं ज्ञानपीठ, मराठीतलं पहिलं. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू स्वतः सांगतात. कल्पना उत्तम. एक राजा वासनेत बुडालेला, एक अहंकारी ब्राह्मणकन्या, एक दासी झालेली राजकन्या: तीन माणसं, तीन जगणी. म्हणजे तीन आवाज हवेत. कादंबरी कुठूनही उघडा आणि नाव झाकून वाचा. कोण बोलतंय ते प्रसंगावरून कळेल, वाक्यावरून नाही. तिघांनाही दुःख झालं की उपमा सुचते, तिघांच्याही परिच्छेदाच्या शेवटी सुभाषित येतं. तिघांच्याही तोंडून शिरोड्याचे मास्तर बोलतात. वर खांडेकर स्वतंत्र टिपणात समजावून सांगतात की हा ययाति म्हणजे भोगाच्या मागे लागलेला आजचा माणूस. कादंबरीने ते काम केलं असतं तर टिपणाची गरज कशाला पडली असती?

लीव्हिसने कॉनरॅडच्या विशेषणांवर जे बोट ठेवलं, तेच खांडेकरांच्या उपमांवर ठेवता येतं. पात्र रडायच्या आत कळी, चांदणी, समई, लाट यांपैकी काहीतरी येऊन उभं राहतं आणि रडण्याचं काम अंगावर घेतं. वाचकाला उदात्त वाटतं. पण ते उदात्त वाटणं त्या पात्राच्या दुःखातून आलेलं नसतं, वाक्याच्या गोडव्यातून आलेलं असतं. माझी तक्रार हीच. शिरोड्याच्या शाळेत अठरा वर्षं काढणाऱ्या माणसाच्या नीतीबद्दल कुणाला शंका घेता येणार नाही. ती नीती वाक्यात उतरली नाही. त्यांची लोकप्रियता मात्र मराठीपुरती राहिली नाही, का. श्री. श्री. यांच्या अनुवादांमुळे तमिळ वाचकांनाही खांडेकर घरचे वाटू लागले. सुविचार भाषांतरात फारसा गळत नाही, हेही त्याचं एक कारण असावं.

आरवली शिरोड्याला लागूनच. तिथल्या दळवींची 'चक्र' १९६३ ची, मुंबईच्या झोपडपट्टीची. आई आणि वयात येणारा मुलगा एकाच झोपडीत. आईला पुरुषाची सोबत लागते, हे मुलाला कळतं. मुलाला कळतं हे आईला कळतं. या जागी खांडेकर असते तर एकाला तरी पश्चात्ताप झाला असता. दळवी कुणालाही लाजवत नाहीत आणि कुणाचं कौतुकही करत नाहीत. भूक लागते तशी वासना लागते, आणि दोन्हींसाठी जागा तेवढीच, चार पत्र्यांची. मुंबईत चाकरमानी म्हणून गेलेल्या कोकणी माणसाला ही वस्ती शेजारची. गावी आल्यावर तो तिच्याबद्दल बोलत नाही. दळवी बोलले, तेही आवाज न चढवता. लीव्हिसच्या कसोटीवर ही मला अत्यंत नीतिमान कादंबरी वाटते. तिचा सुविचार कुठल्याही फळ्यावर लिहिता येणार नाही.

खानोलकरांची 'कोंडुरा' १९६६ ची, आणि ती तर या लेखाच्या विषयावरच लिहिली आहे असं कधीकधी वाटतं. कोंडुरा हे वेंगुर्ल्याजवळचं खरं ठिकाण, खडकात लाटा घुसून घुमतात ते. कादंबरीतल्या परशुरामाला घरात-गावात किंमत नाही. त्याला दैवी आदेश मिळाल्याची खात्री होते, गावातलं पाप धुऊन काढायला आपली नेमणूक झाली आहे असं तो मानू लागतो, आणि गावही मानू लागतं. मग पाप कुठे आहे हे त्याला दिसायला लागतं. त्या दिसण्यापायी एका निरपराध गर्भाचा बळी जातो. खानोलकर परशुरामाला ढोंगी ठरवत नाहीत. ते सोपं झालं असतं. तो मनापासून सज्जन आहे आणि अनर्थ त्यातूनच होतो. साक्षात्कार खरा की भास, याचा निकाल कादंबरी देत नाही, म्हणून परशुरामाबरोबर वाचकही त्या खात्रीत ओढला जातो. श्याम बेनेगलांनी यावर १९७८ मध्ये चित्रपट केला.

नैतिक समीक्षकाने 'कोंडुरा' वर्षातून एकदा वाचावी असं मला वाटतं. कारण चाळणी हातात आली की दुसऱ्याचं पाप दिसायला लागतं. जॉर्ज एलियटच्या 'डॅनिएल डेरोंडा'चा अर्धा भाग लीव्हिसला आवडला, ज्यू राष्ट्रस्वप्नाचा अर्धा आवडला नाही. तर आवडलेला भाग कापून 'ग्वेंडोलेन हार्लेथ' या नावाची वेगळी कादंबरी करावी असं त्याने सुचवलं. लेखिका मरून साठ-सत्तर वर्षं झाली होती. हा आत्मविश्वास परशुरामाचाच.

शिवाय लीव्हिस 'आपण' म्हणतो तेव्हा त्या 'आपण'मध्ये कोण असतं? यंत्रयुगापूर्वीच्या इंग्लंडात एकजीव ग्रामसमाज होता, गाड्यांची चाकं घडवणाऱ्या सुताराच्या हातात शतकांचं शहाणपण होतं आणि तेच चांगल्या भाषेचं मूळ, अशी त्याची श्रद्धा होती. नेमाड्यांच्या देशीवादातही गावाबद्दल, परंपरेबद्दल अशीच ओढ आहे. कोकणात बसून हे वाचताना मला उर्मिला पवारांचं 'आयदान' हे आत्मकथन आठवतं. त्यातली फणसवळ्याची आई बांबूची आयदानं विणते. हाताला कसब पिढ्यांचं, माल गावाला रोज लागणारा, समाज म्हणाल तर एकमेकांत गुंतलेला; आणि विणणाऱ्या बाईने मात्र जातीमुळे अंतर राखूनच वागायचं. हरवलेल्या गावाचं दुःख करताना तिला कोणत्या बाजूला बसवायचं, याचं उत्तर केंब्रिजच्या सुताराकडे नाही, आणि देशीवादाकडेही मला अजून पुरतं सापडलेलं नाही.

तरी चाळणी फेकून द्यावी असं मात्र नाही. १९७५ मध्ये चिनुआ अचेबे अमेरिकेत अ‍ॅमहर्स्टला भाषणाला उभा राहिला आणि 'हार्ट ऑफ डार्कनेस'वर वंशद्वेषाचा आरोप केला. आफ्रिकेतली माणसं त्या पुस्तकात माणसं म्हणून दिसतच नाहीत, असं तो म्हणाला. आणि त्यासाठी त्याने साक्ष काढली ती लीव्हिसच्या त्याच निरीक्षणाची, विशेषणांच्या ढिगाची. लीव्हिसने दोष दाखवला पण तो शैलीपाशी थांबला, याच्या मागे काय दडलंय ते पाहा, असा अचेबेचा रोख होता. लीव्हिसच्या 'आपण'मध्ये ज्याची गणती नव्हती त्याने लीव्हिसचंच हत्यार आणखी खोल चालवलं.

माझं स्वतःचं एक भांडण या कसोटीशी आहे, आणि ते जिल्ह्यातलंच आहे. देवगड तालुक्यातल्या मिठबावच्या पु. शि. रेग्यांची 'सावित्री', १९६२. पत्रांतून उलगडणारी लहानशी कादंबरी. गरिबी नाही, जात नाही, समाजाचं ओझं नाही. एक बाई स्वतःला उमलू देते आहे एवढंच. नेमाड्यांच्या तीन खणांत ती नीट बसत नाही, आणि लीव्हिसच्या 'मॅच्युअर', प्रौढ, झुंजार गांभीर्याच्या व्याख्येतूनही निसटते. पण तिच्यात एक वाक्य खोटं नाही. आनंदाकडे इतक्या एकाग्रपणे पाहणं हीसुद्धा नैतिक शिस्तच, असं म्हणायला या समीक्षेला अवघड जातं. दुःख हीच गांभीर्याची खूण, असा एक प्युरिटन समज तिच्या तळाशी आहे. रेग्यांसाठी जाळी बदलावी लागेल.

आणि जाळी बदलता येते. डिकन्सच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली त्या १९७० साली लीव्हिस पती-पत्नींनी मिळून 'डिकन्स द नॉव्हेलिस्ट' हे जाडजूड पुस्तक काढलं आणि ज्याला बावीस वर्षांपूर्वी करमणूककार म्हणून दाराबाहेर ठेवलं होतं त्याला इंग्रजीतल्या श्रेष्ठतम कादंबरीकारांत नेऊन बसवलं. आपण आधी चुकलो होतो असं पुस्तकात कुठे म्हटलेलं नाही. नाही म्हणेना, डिकन्स पुन्हा वाचला हे महत्त्वाचं.

खांडेकरांचं असं फेरवाचन कुणीतरी करायला हवं, आणि ते सिंधुदुर्गातून झालं तर बरं. सामग्री आहे. त्यांच्या मृत्यूनंतर आलेलं 'एका पानाची कहाणी' हे आत्मकथन आहे, ज्यात भाषा पुष्कळ ठिकाणी पायांवर चालते. तिथलं शिरोडं खरं आहे, शाळा खरी आहे. तीसच्या दशकातल्या 'उल्का' आणि 'दोन ध्रुव' आहेत. उपमा बाजूला सारून पाहिलं तर त्यांत कोकणातली गरिबी पाहिलेला माणूस भेटतो. रूपककथा आहेत, जिथे सुविचाराला हक्काची जागा आहे. तिथून वाचायला लागावं. 'ययाति'पासून मात्र सुरुवात करू नये.